सोळा आणे यादृच्छिक

वर्गात एक साधा प्रयोग करून पाहा. मुलांचे दोन गट करा. पहिल्या गटातील प्रत्येकाने एक नाणे वीस वेळा उडवावे आणि छापा की काटा ते ओळीने लिहावे. दुसऱ्या गटाने नाण्याला हातही लावायचा नाही. मनानेच वीस वेळचे छापा-काटा लिहायचे, पण असे की पाहणाऱ्याला ते खरे वाटावेत. कागदांवर गटाचे नाव नको. सगळे कागद एकत्र मिसळून शिक्षकांनी हाती घ्यावेत आणि खरे कोणते, बनावट कोणते ते ओळखावे.

ओळखण्याची युक्ती सोपी आहे. ज्या कागदावर सलग चार किंवा त्याहून अधिक छापे (अथवा काटे) आलेले असतील तो बहुधा खरा. वीस वेळा नाणे उडवले तर अशी चारची रांग शंभरपैकी सुमारे ७७ वेळा आढळते. मनाने लिहिणाऱ्याचा हात मात्र तिसऱ्या छाप्यानंतर थबकतो. 'आता काटा यायला हवा' असे त्याला वाटते. नाण्याला तसे काही वाटत नाही. मागे काय झाले याची आठवणच त्याला नसते.

यावरून दोन गोष्टी कळतात. माणसाला मनाने 'कसेही' वागता येत नाही. त्याच्या कसेहीपणालाही एक ठरीव वळण असते. आणि ते वळण दुसऱ्याला ओळखता येते. ज्या अंकांच्या मागे कसलेही वळण नाही, पुढचा अंक कोणता याचा ज्यांच्याबाबत मुळीच नेम देता येत नाही, त्यांना गणितात यादृच्छिक अंक म्हणतात. असे अंक मिळवावेत कसे, आणि त्यासाठी एवढा खटाटोप कशाला, हे या लेखात पाहू. सुरुवात संगणकापासून नव्हे, तर वऱ्हाडातल्या वावरापासून करू.

वावरातला तुकडा कोणी निवडायचा?

पैसेवारी हा शब्द अमरावती-अकोल्याच्या शिक्षकांना समजावून सांगायला नको. रुपयाचे सोळा आणे होते तेव्हा हिलाच आणेवारी म्हणत. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक. सहा आणे म्हणजे हलाखी. पूर्वी हा आकडा बहुतांशी नजरेच्या अंदाजाने ठरे. बांधावर उभे राहून पीक पाहायचे आणि अनुभवाने सांगायचे. अनुभव मोलाचा खरा, पण नजरेलाही वळण असते. सारा वसूल करणाऱ्याची नजर आणि सारा भरणाऱ्याची नजर एकच आकडा सांगत नाही.

यावर उपाय म्हणजे प्रत्यक्ष कापून, वेचून, वजन करणे. परंतु जिल्ह्यातली सगळी वावरे अशी मोजता येत नाहीत. मोजकी वावरे घ्यावी लागतात आणि त्या प्रत्येकात एक ठरावीक मापाचा आयताकृती तुकडा आखावा लागतो. खरा प्रश्न इथेच उभा राहतो: कोणते वावर, आणि वावरातला कोणता तुकडा? ही निवड माणसावर सोपवली तर रस्त्याकडेचे वावर निवडले जाईल, कारण तिथे गाडी जाते. किंवा पऱ्हाटी चांगली दाटलेली जागा निवडली जाईल, किंवा मुद्दाम उजाड कोपरा. निवडणारा प्रामाणिक असला तरी नाणे मनाने उडवणाऱ्या मुलासारखीच त्याची गत होते.

म्हणून ही निवड यादृच्छिक अंकांवर सोपवण्याची पद्धत आली. भारतात भातपिकावर असे प्रयोग १९२० च्या दशकात बिहार-ओरिसात हबॅक यांनी केले. बंगालमध्ये तागाच्या पिकासाठी प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३७ पासून मोठ्या पाहण्या हाती घेतल्या. कापसासाठी हे काम अकोला जिल्ह्यात १९४० च्या दशकाच्या पूर्वार्धात झाले, वि. गो. पानसे यांचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. पुढे पानसे आणि सातारा जिल्ह्यातील बुधचे पां. वा. सुखात्मे या दोघांनी पीक कापणी प्रयोगांची पद्धत देशभर रुजवली. तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न फुगलेले दिसते, हे सुखात्मे यांनी १९४६ साली दाखवून दिले. कारण कडेवरचे झाड आत धरावे की बाहेर, असा प्रश्न पडला की मोजणाऱ्याचा कल ते आत धरण्याकडे असतो. तुकडा जितका लहान तितकी त्याची कड प्रमाणाने मोठी, आणि चूकही मोठी.

प्रत्यक्ष पद्धत अशी. वावराच्या नैर्ऋत्य कोपऱ्यावर उभे राहायचे. समजा लांबी १२० पावले भरली आणि आखायच्या तुकड्याची लांबी १० पावले आहे. मग १ ते ११० यांमधला एक यादृच्छिक अंक हवा. यादृच्छिक अंकांच्या तक्त्यातून तीन-तीन अंक वाचत जायचे. ६४२ आला, सोडून द्या. ०७३ आला, घ्या. धुऱ्याने ७३ पावले चालायचे. मग असाच दुसरा अंक रुंदीसाठी काढून आत वळायचे. जिथे पोहोचू तिथे तुकड्याचा कोपरा. तिथे पीक दाट असो की विरळ, जागा बदलायची नाही.

ही बाब केवळ पुस्तकी नाही. पंतप्रधान पीक विमा योजना २०१६ पासून सुरू झाली. तिच्यात महसूल मंडळातल्या मोजक्या पीक कापणी प्रयोगांवरून त्या मंडळाचे सरासरी उत्पन्न काढतात. ते उंबरठा उत्पन्नापेक्षा कमी भरले तर भरपाई मिळते, नाहीतर नाही. सोयाबीनचा वा तुरीचा एक तुकडा कोणी सोयीने सरकवला, तर एका वावराचेच नव्हे, सबंध मंडळातल्या शेतकऱ्यांचे गणित चुकते. अंक खरोखर यादृच्छिक होते का, हा प्रश्न म्हणून पोटापाण्याचा आहे.

तक्त्यातले अंक आले कुठून?

यादृच्छिक अंकांचा पहिला छापील तक्ता टिपेट यांनी १९२७ साली इंग्लंडात प्रसिद्ध केला. त्यात ४१,६०० अंक होते आणि ते जनगणनेच्या अहवालांतील आकड्यांतून घेतलेले होते. १९५५ मध्ये अमेरिकेतील रँड या संस्थेने तर दहा लाख यादृच्छिक अंकांचे पुस्तकच काढले. त्यासाठी विजेच्या स्पंदनांवर चालणारे एक यंत्र वापरले होते.

आपल्याकडच्या एका वाईट व्यसनाचा उगमही याच गरजेत आहे. मुंबईत न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून तारेने येणाऱ्या उघडत्या व बंद भावांच्या आकड्यांवर जुगार चाले. तो आकडा मुंबईतल्या कोणाच्या हातात नव्हता, म्हणून खेळणाऱ्यांचा त्यावर विश्वास. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते भाव येणे थांबले, तेव्हा शून्य ते नऊ अंकांच्या चिठ्ठ्या मडक्यात टाकून काढू लागले. 'मटका' हे नाव तिथून आले. आता आकडा कोणाच्या तरी हातात आला, हा फरक लक्षात घेण्याजोगा आहे. विद्यार्थ्यांना हेही सांगावे की अंक यादृच्छिक असला म्हणजे खेळ न्याय्य होत नाही. दहात एक शक्यता असताना नऊ पट देणाऱ्या खेळात खेळणारा दीर्घकाळात हरतोच.

चार नाणी आणि सोळा आणे

आता संगणकाकडे वळू. संगणकाला फक्त दोनच खुणा कळतात, ० आणि १. एका खुणेला द्विमान अंक म्हणतात. पण शून्य-एकाच्या लांबच लांब माळा वाचताना माणसाची चूक होते. म्हणून चार-चार द्विमान अंकांचा एक गट करून त्याला एकच चिन्ह देतात. चार खुणांचे प्रकार होतात २ × २ × २ × २ म्हणजे १६. म्हणून चिन्हे सोळा हवीत. शून्य ते नऊ ही दहा आपल्याजवळ आहेतच. पुढच्या सहांसाठी इंग्रजी वर्णमालेतील ए, बी, सी, डी, ई, एफ ही अक्षरे घेतात. ए म्हणजे दहा, एफ म्हणजे पंधरा. ही षोडशमान पद्धती.

मुलांना ही पद्धती परकी वाटण्याचे कारण नाही. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी येईपर्यंत आपला रुपया षोडशमानच होता. अधेली आठ आण्यांची, पावली चार आण्यांची, चवली दोन आण्यांची आणि एक आणा. ही चार नाणी प्रत्येकी एकेक खिशात असली की शून्यापासून पंधरापर्यंत कितीही आणे देता येत. अकरा आणे द्यायचे? अधेली, चवली आणि आणा. तेरा? अधेली, पावली आणि आणा. प्रत्येक रक्कम एकाच रीतीने देता येते, दुसऱ्या रीतीने नाही. संगणकातील चार द्विमान अंकांची किंमत नेमकी हीच आहे: ८, ४, २, १.

मग यादृच्छिक षोडशमान अंक काढणे अगदी सोपे झाले. आज ती नाणी नाहीत. त्यांच्याऐवजी दहा, पाच, दोन आणि एक रुपयाची नाणी घ्या आणि त्यांना अनुक्रमे अधेली, पावली, चवली आणि आणा समजा. चारही एकदम उडवा. ज्यांचा छापा पडेल त्यांचे आणे मोजा. दहाचा छापा, पाचाचा काटा, दोनाचा छापा, एकाचा छापा: ८ + २ + १ = ११, म्हणजे बी. चारही काटे पडले तर शून्य. चारही छापे पडले तर पंधरा, म्हणजे एफ. सोळाही अंकांची शक्यता सारखीच, सोळात एक.

वर्गातल्या ३२ मुलांनी एकेक अंक काढून फळ्यावर ओळीने लिहिला तर ३२ षोडशमान अंकांची एक माळ तयार होते. मिनिटाभराचे काम! पण ही माळ साधी नाही. एकूण १२८ वेळा नाणे उडालेले आहे. अशा वेगवेगळ्या माळा २ चा १२८ वा घात इतक्या असू शकतात, म्हणजे साधारण ३४ वर ३७ शून्ये. दर सेकंदाला हजार कोटी माळा तपासणारा संगणक सगळ्या माळा पाहून संपवायला विश्वाच्या आजच्या वयाच्या हजारो कोटी पट काळ घेईल. त्या एका शाळेच्या फळ्यावर आलेली माळ पूर्वी कुठे आली नसेल आणि पुन्हा कुठे येणार नाही, असे आपण निर्धास्त म्हणू शकतो.

संगणक अशा माळा दिवसभर कशासाठी काढतो? आपण बँकेच्या वा परीक्षा मंडळाच्या संकेतस्थळावर प्रवेश केला की तिथला संगणक आपल्याला एक माळ देतो. पुढच्या प्रत्येक पानावर ती माळ दाखवली की 'हा मघाचाच माणूस' अशी ओळख पटते. संदेश कुलूपबंद करण्याच्या किल्ल्याही अशाच माळा असतात. दुसऱ्या कोणाला ती माळ ओळखता आली, तर तो आपल्या नावाने आत शिरेल. शिष्यवृत्तीचा अर्ज असो की विम्याचे पैसे जमा होणारे खाते, त्यांचे रक्षण शेवटी या माळेच्या अनपेक्षितपणावर अवलंबून आहे.

गणिताने काढलेले अंक : कापरेकरांचा धडा

संगणकाजवळ नाणी नसतात. तो फक्त गणित करतो, आणि गणिताचे उत्तर प्रत्येक वेळी तेच येते. मग नेम नसलेला अंक त्याने आणावा कुठून?

१९४० च्या दशकात जॉन फॉन नॉयमन यांनी एक युक्ती सुचवली. चार अंकी संख्या घ्या, तिचा वर्ग करा, आठ अंकी वर्गाचे मधले चार अंक ही पुढची संख्या. १९०५ पासून सुरुवात करू. वर्ग ०३६२९०२५, मधले अंक ६२९०. त्याचा वर्ग ३९५६४१००, मधले ५६४१. त्यानंतर ८२०८, ३७१२... पाहणाऱ्याला हे अंक बेशिस्त वाटतात. परंतु सापळे आहेत. ३७९२ चा वर्ग १४३७९२६४, म्हणजे मधले अंक पुन्हा ३७९२! गाडी तिथेच रुतली. २१०० पासून निघालात तर ४१००, ८१००, ६१०० आणि परत २१००.

असा सापळा आपल्या ओळखीचा आहे. देवळालीच्या शाळेत शिक्षक असलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी १९४९ साली चार अंकी संख्यांचा असाच एक खेळ शोधला. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत जायची. पुन्हा १९०५ च घेऊ. ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१. पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या पायरीला ६१७४. त्यापुढे कायम ६१७४. चारही अंक सारखे नसले तर कोणतीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथेच पोहोचते. कापरेकरांना याचा आनंद झाला, कारण ते सौंदर्य शोधत होते. यादृच्छिक अंक शोधणाऱ्याला मात्र हेच भय असते. चार अंकी संख्या दहा हजारच आहेत. त्यामुळे एकाच नियमाने पावले टाकत गेले की केव्हातरी जुन्या जागी पाऊल पडणारच, आणि तिथून पुढे तेच चक्र.

हे चक्र शक्य तितके लांब कसे करावे, याची एक रीत लेहमर यांनी १९४९ मध्ये मांडली: आधीच्या अंकाला एका संख्येने गुणायचे, ठरावीक संख्येने भागायचे आणि बाकी ठेवायची. पुढे या रीतीत गुणाकारानंतर एक संख्या मिळवण्याचीही सोय आली. वहीत करण्याजोगे उदाहरण असे. अंकाला ५ ने गुणा, ३ मिळवा, १६ ने भागून बाकी घ्या. शून्यापासून सुरुवात केल्यास षोडशमानात ही माळ मिळते:

० ३ २ डी ४ ७ ६ १ ८ बी ए ५ सी एफ ई ९

त्यानंतर परत शून्य. सोळाही अंक एकेकदा आले. यापेक्षा लांब चक्र शक्य नाही. तरीही मुलांना यातला दोष शोधायला सांगा. सम-विषम पाहा: सम, विषम, सम, विषम असे काटेकोर पाळीने येतात. शिवाय पहिल्या आठ अंकांत आठ-आठ मिळवून सोळाने भागल्यावरची बाकी घेतली की पुढचे आठ अंक तयार! नाण्याने असे कधीच केले नसते. अशा गणिती अंकांना म्हणून आभासी यादृच्छिक अंक म्हणणे योग्य. आजच्या रीती यापेक्षा कितीतरी सरस आहेत. मात्सुमोतो आणि निशिमुरा यांनी १९९७ मध्ये तयार केलेल्या मर्सेन ट्विस्टर या रीतीचे चक्र इतके लांब आहे की ते संपण्याची भीतीच नाही. तरीही तिने दिलेल्या सलग ६२४ संख्या हाती आल्या की पुढच्या सगळ्या संख्या गणिताने काढता येतात.

बियाणे कळले की पीक कळले

गणिताने अंक काढायचे म्हटले की सुरुवातीचा एक अंक द्यावा लागतो. इंग्रजीत त्याला 'सीड' म्हणजे बियाणेच म्हणतात. १९९० च्या दशकात शाळेत बेसिक भाषा शिकलेल्यांना आठवत असेल: 'रँडमाइझ' ही आज्ञा न देता कार्यक्रम चालवला तर दरवेळी तेच 'यादृच्छिक' अंक येत. बियाणे तेच, म्हणून पीक तेच.

पुष्कळ जण बियाणे म्हणून घड्याळातली वेळ देतात. हे कितपत सुरक्षित? दिवसाचे सेकंद ८६,४००. माळ ३२ अंकांची दिसली तरी तिच्या मागे शक्यता ८६,४०० च. माळ कोणत्या तासात काढली एवढे कळले तरी शक्यता ३,६०० वर येतात, आणि तेवढ्या तपासायला संगणकाला डोळ्याचे पाते लवण्याइतकाही वेळ लागत नाही. लांब माळ म्हणजे सुरक्षित माळ, हा म्हणून भ्रम आहे. मागे किती नाणी उडाली हे महत्त्वाचे.

ही भीती काल्पनिक नाही. १९९५ मध्ये नेटस्केप या त्या काळच्या प्रसिद्ध न्याहाळकाच्या किल्ल्या अमेरिकेतील बर्कले येथील दोन विद्यार्थ्यांनी, इयान गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर यांनी, ओळखून दाखवल्या. बियाणे म्हणून वेळ आणि चालू कार्यक्रमांचे क्रमांक वापरलेले होते. दुसरी गोष्ट डेबियन या प्रणालीची. २००६ मध्ये तिच्यातील एका कार्यक्रमाच्या दोन ओळी निरुपयोगी समजून वगळल्या गेल्या. त्यामुळे बियाण्यात फक्त कार्यक्रमाचा क्रमांक उरला, आणि असे क्रमांक ३२,७६८ च. चूक उघडकीस आली मे २००८ मध्ये. दरम्यान जगभर निघालेल्या असंख्य किल्ल्या दिसायला भारदस्त, पण त्यांचा सगळा जुडगा एका पेटीत मावणारा होता. माळा पाहून कोणालाच संशय आला नव्हता. माळेच्या रूपावरून तिचा उगम कळत नाही, हा यातला धडा.

मग योग्य मार्ग कोणता? संगणक बाहेरच्या जगातून नाणी गोळा करतो. कळफलकाची कळ नेमकी कोणत्या क्षणी दाबली गेली, साठवणीकडून उत्तर यायला किती सूक्ष्म उशीर झाला, अशा बारीक फरकांची प्रणाली नोंद करत असते. अलीकडच्या पुष्कळ प्रक्रियकांत तर विद्युतमंडलातला नैसर्गिक गोंधळच मोजण्याची सोय असते. हे सगळे घुसळून त्याचे बियाणे करतात आणि मग उलट दिशेने उकलणे अशक्यप्राय असलेल्या गणिताने त्यातून माळा काढतात.

आज शाळा-महाविद्यालयांत शिकवल्या जाणाऱ्या पायथन भाषेत म्हणूनच दोन वेगळी दारे आहेत. 'रँडम' हा संच मर्सेन ट्विस्टरवर चालतो. खेळ, नमुने आणि गणिती प्रयोग यांसाठी तो उत्तम. गुप्त ठेवायच्या माळांसाठी २०१६ अखेरच्या ३.६ या आवृत्तीपासून 'सीक्रेट्स' हा वेगळा संच आहे. त्यातील 'टोकन हेक्स' या आज्ञेला १६ हा आकडा दिला की ३२ षोडशमान अंकांची माळ मिळते. सोळा मागितले तर बत्तीस का आले, असे मुले हमखास विचारतात. तो १६ म्हणजे बाइटांची संख्या. एका बाइटमध्ये आठ द्विमान अंक, म्हणजे चार-चारचे दोन गट, म्हणजे दोन षोडशमान अंक.

दोन नेहमीच्या चुका

पहिली चूक शून्य गळण्याची. एक मोठी यादृच्छिक संख्या काढायची आणि ती षोडशमानात लिहायची, असे काही जण करतात. संख्येच्या डावीकडचे शून्य आपण लिहीत नाही. त्यामुळे सोळात एकदा माळ ३१ अंकांची किंवा त्याहून लहान निघते. पंधरा वेळा कार्यक्रम बरोबर चालतो आणि सोळाव्या वेळी अडतो, म्हणून ही चूक सापडायला वेळ लागतो. माळ ही संख्या नव्हे. तिच्यातील प्रत्येक शून्याला जागा दिली पाहिजे.

दुसरी चूक असमान वाटणीची. समजा नाणी नाहीत, पण दोन फासे आहेत. त्यांच्या जोड्या ३६ होतात. पहिल्या फाशातून एक वजा करून सहाने गुणा, त्यात दुसऱ्या फाशातून एक वजा करून मिळवा. ० ते ३५ मधली संख्या मिळेल. तिला सोळाने भागून बाकी घेतली की झाला षोडशमान अंक, असे वाटते. पण ३६ म्हणजे सोळाची दोन पूर्ण आवर्तने आणि वर चार. त्यामुळे ०, १, २, ३ हे अंक ३६ पैकी तीन वेळा येतील आणि बाकीचे बारा अंक दोनच वेळा. पारडे दीडपट झुकले! उपाय वावरातलाच आहे. ११० पेक्षा मोठा अंक आला की आपण तो सोडून दिला होता. इथेही ३२ ते ३५ आले, म्हणजे पहिला फासा सहा आणि दुसरा तीन ते सहा असा पडला, की फासे पुन्हा टाकायचे. नको असलेले टाकून देणे हाच न्याय्य वाटणीचा मार्ग.

गुपित आणि पडताळा

शेवटी एक फरक नीट ध्यानात घेऊ. किल्लीसाठी काढलेली माळ कोणालाच कळता कामा नये. वर्गाच्या फळ्यावर लिहिलेली माळ म्हणून कितीही यादृच्छिक असली तरी परवलीचा शब्द म्हणून निकामी. ती ३२ जणांनी पाहिलेली आहे. पीक कापणीचे याच्या अर्धे उलट आहे. तिथे अंक आधी कोणाला कळता कामा नये, पण काढल्यानंतर तो सर्वांना दिसला पाहिजे आणि कागदावर राहिला पाहिजे. म्हणजे ज्या शेतकऱ्याला शंका येईल तो नैर्ऋत्य कोपऱ्यावर उभा राहून स्वतः ७३ पावले मोजू शकेल. एकाच यादृच्छिक अंकाकडून आपण कधी गुपित मागतो, कधी पडताळा. कार्यक्रम लिहिण्यापूर्वी आपल्याला कोणते हवे आहे हे ठरवले की रीत आपोआप ठरते.

वर्गात करून पाहण्यासाठी

१. चार नाण्यांनी ३२० षोडशमान अंक काढा. प्रत्येक अंक सरासरीने वीस वेळा यावा. प्रत्यक्षात सगळे अंक बरोबर वीस वेळाच आले, तर संशय घ्यावा की आनंद मानावा?

२. ५ ने गुणून ३ मिळवण्याऐवजी ३ ने गुणून ३ मिळवा. चक्र किती लांब होते? वेगवेगळे गुणक घेऊन सोळाचे पूर्ण चक्र कोणते देतात ते शोधा.

३. शाळेतल्या ३०० मुलांना चार-चार षोडशमान अंकांची खूण नाण्यांनी द्या. अशा खुणा ६५,५३६ आहेत, तरी कोणा दोघांची खूण सारखी निघण्याची शक्यता जवळजवळ निम्मी असते. तेवीस जणांत दोघांचा वाढदिवस एका दिवशी येण्याचे जे कारण, तेच इथे आहे. दोन अंक वाढवून सहा केले तर काय फरक पडेल?

४. शाळेच्या मैदानाची लांबी-रुंदी पावलांनी मोजा, नैर्ऋत्य कोपरा शोधा आणि दोन यादृच्छिक अंक काढून एक चौरस आखा. त्यातील गवताची रोपे मोजा. मग एका मुलाला 'मैदानाचा नमुना म्हणून चांगला वाटेल तो' चौरस आखू द्या. दोन्ही मोजण्या दहा वेळा करून सरासऱ्या शेजारी शेजारी लिहा. कोणत्या बाजूला किती कल पडला, ते मुलांनीच सांगावे.